तिसरं कुलूप

जरा सरकून बसा. आणि माझी ही डावी मूठ अशीच मांडीवर राहू द्या, तिच्याकडे बघू नका. बघू नका म्हटलं की तिथेच बघता लेको.

गोष्ट माझ्या भाचीची आहे. तुम्ही ओळखता तिला, आपली पाना. लहानपणापासून दिसेल ते यंत्र खोलून बसायची. हातातला पाना सुटायचा नाही, म्हणून नावच पाना पडलं. गेल्या हिवाळ्यात एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीने तिला शिकाऊ म्हणून घ्यायचं ठरवलं. हो की नाही, ते बुधवारी सकाळी कळवायचं होतं. माझी बहीण, म्हणजे तिची आई, नाहीच म्हणत होती. दोघींचं बोलणं बंद. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, "अगं, आपल्या गल्लीत लिफ्टवाले काका आहेत. सगळं आयुष्य त्या कामात गेलं त्यांचं. पोरीला एकदा त्यांच्याशी बोलू दे, मग काय ते ठरवा."

बहीण म्हणाली, "बोलू दे की. पण माझा एक प्रश्न विचारायचा. या कामात त्यांच्यासमोर कोणी मेलंय का? नाही म्हणाले, तर खुशाल जा."

मंगळवारची रात्र होती. चंद्र नव्हता, थंडी अंगात शिरत होती. जेवणं आटोपून नऊच्या सुमाराला पाना काकांच्या दारात उभी राहिली.

"काय गं, मुलाखत द्यायला आलीस की घ्यायला?" काका म्हणाले.

"घ्यायला."

"मग मी शर्ट बदलतो."

शर्ट बदलून होतोय तोवर त्यांचा फोन वाजला. बाजारामागच्या जुन्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली. "चल. खुर्चीत बसून विचारशील ते अर्धंच कळेल."

इमारत पाच मजल्यांची. जिन्यात एकच पिवळा दिवा. गच्चीवर एक लहानशी खोली, तिथे लिफ्टची मोटर. तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास. जमिनीतल्या भोकांतून जाड दोर खाली अंधारात गेलेले. लिफ्ट ज्या पोकळीतून वरखाली होते, तिला ही माणसं विहीर म्हणतात.

भिंतीवर विजेचा मोठा खटका होता. काकांनी त्याचा दांडा खाली ओढून लिफ्टची वीज तोडली, त्यात भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवली आणि पट्टीत आपलं कुलूप घातलं. दुसरं एक कुलूप पानाच्या हातात दिलं.

"हे आजच्यापुरतं तुझं. लाव. किल्ली स्वतःच्या खिशात. जितकी माणसं विहिरीत उतरणार, तितकी कुलपं. शेवटचं निघाल्याशिवाय दांडा वर जात नाही."

"आणि कोणी कुलूप काढायचं विसरलं तर?"

"तर त्याला हुडकायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कुलूप आहे, म्हणजे त्याचा धनी आत आहे. एवढंच शिकलीस तरी पुष्कळ."

पाचव्या मजल्याचा दरवाजा उघडून दोघं लिफ्टच्या डब्याच्या टपावर उतरली. पानाने विजेरी धरली. काका दरवाजाचं झिजलेलं चाक काढू लागले.

"काका, या कामातलं सगळ्यात वाईट काय?"

"लोक. पाच मजले चढून धापा टाकत वर यावं, आणि कोणीतरी विचारावं, एवढा उशीर का?"

"आणि चांगलं?"

"दुरुस्तीनंतरची पहिली फेरी. डब्यात आपण एकटेच असतो. गुपचूप चालतो तो. पोटात बरं वाटतं."

ती हसली. मग तिने आईचा प्रश्न विचारला.

काकांचा हात थांबला. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीला नोकरी हवी होती, ते दिसतच होतं.

"नाही," ते म्हणाले.

"कोणीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

आणि खाली कोणीतरी खाकरलं.

जिन्यात नाही. डब्याच्या खाली. विहिरीच्या तळाशी.

पानाने विजेरी कडेने खाली वळवली. दोर. ओली भिंत. त्यापुढे उजेड पोचत नव्हता.

"काका, खाली कोण आहे?"

"कोणी नाही. उजेड इकडे धर."

थोडा वेळ गेला. मग खालून आवाज आला. सावकाश. काम करता करता जोडीदाराकडे मागावं, तसा.

"पाना…"

हत्यार मागतोय… की तिला बोलावतोय… तिला कळेना. काकांकडे बघितलं. काकांच्या हातात पाना होता.

त्यांनी चाक बसवलं. दोघं वर आली. गच्चीवर वारा नव्हता. काकांनी आपलं कुलूप काढलं. तिने तिचं काढलं.

पट्टी सुटेना.

पट्टीत तिसरं कुलूप होतं. लहान. पितळी. कडीला निळा दोरा गुंडाळलेला.

"वॉचमनने लावलं असेल," पाना म्हणाली.

काका खाली बसले. तिथेच, जमिनीवर.

"तो अजून आत आहे," ते म्हणाले.

"कोण?"

काकांनी जमिनीतल्या भोकाकडे बोट दाखवलं.

खालून दोर हलले. मोटर बंद होती. दोर हलले.

"काका… कोण?"

मग काका बोलले. तिच्याकडे न बघता. जमिनीतल्या त्या भोकाशी तोंड नेऊन बोलले.

"पोरी, तुझ्या आईला सांग. हो. मेलाय. माझा जोडीदार. इथेच. त्या दिवशी हे कुलूप घरी राहिलं त्याचं, दुसऱ्या शर्टात. आणायला निघाला होता. मीच म्हटलं, माझं आहे ना, एकात भागेल. मग मला वाटलं, तो चहाला गेला… मी माझं कुलूप काढलं… दांडा वर केला…"

त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

दोर थांबले.

टक् करून आवाज झाला. पितळी कुलूप उघडं लोंबत होतं. दोघांपैकी कोणीही त्याला हात लावला नव्हता.

त्या रात्री लिफ्ट तशीच बंद ठेवून ती दोघं जिन्याने खाली आली. सकाळी काका परत गेले, तर पट्टी रिकामी. कुलूप नाही.

पाना मात्र त्याच रात्री, अंगातला स्वेटरही न काढता, आईसमोर बसली. म्हणाली, "विचारलं. हो म्हणाले." सगळं सांगितलं. आता आपली नोकरी गेली, हे तिला ठाऊक होतं. बहिणीने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाली, "तू विसरशील का कुलूप?"

"नाही."

"मग जा."

बुधवारी पानाने हो कळवलं. काकांनी त्यानंतर हत्यारांची पिशवी उचलली नाही.

इथे गोष्ट संपली असती, तर मी तुम्हाला कधीच झोपायला पाठवलं असतं. पण स्वेटर धुवायला टाकताना खिशात एक किल्ली सापडली. लहान, पितळी. निळ्या दोऱ्याची. कंपनीने पानाला नवं कुलूप दिलं, तेव्हा तिने गंमत म्हणून ती लावून बघितली.

लागली.

कुलूप बदललं. त्यालाही लागली. मी स्वतः दुकानातून वेगळ्याच बनावटीचं आणलं, इथे या ओट्यावर बसून पाकीट फोडलं. त्यालाही…

काकांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "फेकू नका. ती कोणाच्या हातात पडली, तर पोर आत असताना तिचं कुलूप निघेल." आणि दार लावून घेतलं.

तो तिला जपायला आलाय, की आणखी कशाला, मला सांगता येत नाही. मी काही शिकलेला माणूस नाही. मला एवढंच जमतं. तिची रात्रपाळी असली, की विहिरीत उतरण्याआधी ती मला फोन करते. म्हणते, "मामा, उतरते." मग वर आल्यावर पुन्हा करते. तेवढा वेळ मी किल्ली मुठीत धरून बसतो. रात्र जात नाही, म्हणून तुम्हाला गोष्टी सांगतो.

आज तुम्ही यायच्या जरा आधी तिचा फोन आला होता. उतरते म्हणाली.

नाही रे बाळा, मूठ उघडून दाखवत नाही. मघापासून आतून कोणीतरी किल्ली हळूहळू फिरवतंय. फोन जरा माझ्याजवळ सरकव. आणि आता कोणी बोलू नका.