लोखंडावरचं सोनं

कुवेतमधल्या मिरकाबच्या गल्लीत धुळीचं वादळ असं उठलं, की ताहिराला स्वतःचा हातही दिसेना. जे दार हाताला लागलं तेच ढकलून ती आत शिरली. निघालं सोनारकामाचं दुकान! नशीब म्हणायचं, दुसरं काय? तिला तेच हवं होतं.

"अगो बाय, काय हा वारा!" ती पुटपुटली.

"आमच्या हर्णैचा वारा बरा, नाय?" कारागीर हसला. "मी अशरफ. तुमचं गाव?"

"बाणकोट..." ती म्हणाली, आणि का कोण जाणे, लाजली.

बनेद अल-गार वस्तीत एका मॅडमच्या घरी ती मुलं सांभाळी. मॅडमचा ब्रोच तिनं रुमालातून काढला. स्पेनमधल्या तोलेदोचा. काळ्या पोलादात केसाएवढ्या सोन्याच्या तारा ठोकून पक्षी काढलेला. कोट झटकताना मागची पिन तिच्या हातून तुटली होती. मॅडम शनिवारी लेबनॉनहून परतायच्या आत ती जोडायला हवी होती.

"सुंदर हाय..." अशरफ म्हणाला.

"पक्षी हातात हाय तुमच्या. बघताय कुठं?"

"चुकलं," तो म्हणाला. पण नजर काही हटली नाही.

तीच नजर भोवली. पिनेला डाग देऊन ती जोडून झाली आणि हाताच्या सवयीनं त्यानं ब्रोच तेजाबात सोडला. सोन्याला तेजाब काही करत नाही, पण सोन्याखाली लोखंड होतं! ते फसफसलं. बाहेर काढेपर्यंत काळा रंग गेला होता आणि तारा सुटून तळाशी पडल्या होत्या.

ताहिराची नोकरी गेली तर बाणकोटची चूल विझणार. अम्मा आणि दोन भावंडं तिच्याच पगारावर जगत होती.

"मॅडमना मी सांगनार," अशरफ म्हणाला.

"तुमचा मालक तुमाला ठेवील?"

"नाय ठेवनार. पन चूक माझ्या हातची... तुमी का भोगायची?"

तिनं नको म्हणायला हवं होतं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला पुढं फार लाज वाटली.

शनिवारी तो खरंच मॅडमकडं गेला. ताहिराची नोकरी वाचली. अशरफचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मालकानं रद्द केला. गुरुवारी मुंबईची बोट होती.

शुवैख बंदराच्या धक्क्यावर ती धावतच पोचली. त्याच्या हातात एक ट्रंक, बस्स.

"मी तोंड उघडलं नाय..." तिला हुंदका आवरेना.

"बरं केलंत. नायतर आज तुमी बोटीत, नि मी हितं रडत." तो हसला, पण डोळे भरलेच. "हर्णैहून बाणकोट लांब नाय. अम्माला काय निरोप?"

"सांगा, पोरगी खुशाल हाय. करार तीन वर्सांचा हाय, तवर येता येनार नाय. आनि..."

भोंगा वाजला. मागची माणसं त्याला शिडीकडं रेटू लागली.

"आनि काय? ताहिरा, लवकर बोला!"

"आनि सांगा, माझ्यासाठी स्थळ बघू नको," ती गर्दीतून ओरडली. "हा निरोप घेऊन जो दारात उभा हाय, त्यालाच नीट बघून घे!"