उपासातले कटलेट

गरम पाणी मागायला म्हणून कोशी स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि शेबाच्या कढईतलं एक कटलेट करपलं.

"घसा बसलाय," तो म्हणाला. "थोडं गरम पाणी मिळेल?"

"घसा बसलाय होय! मला वाटलं, तुम्हा ऑर्थोडॉक्सांची गाण्याची पद्धतच तशी."

"आमची पद्धत जुनी आहे गं. तुम्हा सीएसआयवाल्यांच्या कानांना झेपत नाही, त्याला मी काय करू?"

तो हसला. बाहेरच्या भुरभुरीनं त्याचे केस ओलसर झाले होते, आणि साधं पाणी प्यायला माणसाला इतका वेळ लागतो हे शेबाला त्या दिवशी कळलं. पेला परत देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली... की तिलाच तसं वाटलं?

त्या वर्षी आमच्या टेकडीवरच्या तिन्ही चर्चनी नाताळची गाणी एकत्र म्हणायचं ठरवलं होतं. ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचं सीएसआय. आजवर एकमेकांच्या लग्नात जेवणापुरते भेटणारे लोक! पहिली तालीम शेबाच्या अप्पचननी, म्हणजे वडिलांनी, हट्टानं आपल्या घरी मागून घेतली. हे योहन्नान सर निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी सकाळीच बाजारातून चांगलं बीफ आणलं, अम्मचीनं, शेबाच्या आईनं, कांदा-मिरची चिरली आणि शेबानं तळायला घेतलं.

गाणी झाली. बश्या फिरल्या. कोणी हात लावेना.

"पोट भरलंय हो," एकजण म्हणाला.

"आत्ताच खाऊन निघालो," दुसरी म्हणाली. दुधाच्या चहावर साय धरली.

योहन्नान सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांना याच मंडळींच्या आज्यांनी जात पाहून अंगणात केळीच्या पानावर वाढलं होतं. बाप्तिस्मा झाला, स्वतःचं चर्च झालं, पोरगा मास्तर झाला, तरी टेकडीवरच्या एकाही जुन्या घरानं त्यांना आतल्या टेबलावर बसवलं नव्हतं. अम्मची दाराआडून पुटपुटली, "आपलं अजून चालत नाही यांना."

शेबा ताट घेऊन उभी होती. डोळे भरून आले होते, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती कटलेटांकडेच बघत होती. कोशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. पुढे झाला, एक कटलेट उचलून खाल्लं. मग दुसरं.

"कोशी!" त्याची मामेबहीण राहेल किंचाळलीच. "अरे, नाताळचा उपास ना!"

उपास! शेबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डिसेंबरात हे लोक मांस-मासे सोडा, दूधही घेत नाहीत, हे शेजारी राहून तिला आठवू नये? तिच्या चर्चमध्ये हा उपास नाही, म्हणून काय झालं! पण खुर्च्यांवरच्या माना तिच्याहून खाली गेल्या होत्या. उपास आहे, एवढं साधं कोणीच का म्हणालं नव्हतं? या घरात आल्यावर जिभेवर आपसूक पोट भरल्याची जुनीच सबब आली होती.

पुढच्या तालमीला शेबा कोशीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. शेवटी त्यानंच तिला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"कोरा चहा? तू तर तीन चमचे साखर आणि बचकभर साय घेतेस म्हणे."

"तुझा मोडलेला उपास पुरा करतेय," ती पेल्यात बघत म्हणाली. "घरी अम्मची म्हणते, पोरीला कावीळ झाली."

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "असं करू नकोस, शेबा," तो म्हणाला. "मी... तेवढा चांगला नाही."

नाताळच्या आधीच्या रविवारी तिन्ही चर्चची सभा भरली. ऑर्थोडॉक्सांचे अच्चन, म्हणजे त्यांचे म्हातारे पाद्री, बोलायला उठले. "एकता कशी असते विचारता? आपल्या कोशीनं ख्रिस्ती भावाचं मन मोडू नये म्हणून स्वतःचा उपास मोडला!" टाळ्या पडल्या. कोशीचे कान लाल झाले. तो उठला.

"अच्चन, तसं नाही ते."

"बस रे, लाजतोस काय!"

"लाज वाटतेय म्हणूनच बोलतोय." आवाज पुन्हा बसला होता. "मी एकतेसाठी नाही खाल्लं. शेबा रडायच्या बेतात होती... मला ते बघवेना. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर मीसुद्धा पोट भरलंय म्हणालो असतो. आमच्या घरात तेच शिकवतात."

कोशीची आई पहिल्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला. कोशी तडक बाहेर व्हरांड्यात गेला. शेबा त्याच्या मागं गेली, सगळ्यांच्या देखत.

"मला सुखानं हसू येतंय आणि तुझा रागही येतोय," ती म्हणाली. "दोन्ही एकदम. काय करू सांग."

"राग धर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"धरलाय. आता ऐक... मला तू आवडतोस. पण अप्पचन ज्या घरात आत बसू शकत नाहीत, त्या घरात मी येणार नाही. नवरी म्हणून तर नाहीच."

मागं पाऊल वाजलं. कोशीची आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शेबाकडे बघायचं तिला धाडस झालं नाही. ती वळली आणि भरल्या सभेतून चालत थेट योहन्नान सरांपुढं जाऊन हात जोडून उभी राहिली.

"मास्तर... नाताळला आमच्याकडे जेवायला या. सगळे."

"कुठं बसवाल?" सरांनी विचारलं. आवाज शांत होता. राहेल रडायला लागली.

"आत," ती म्हणाली. "मी स्वतः वाढीन. फार उशीर केला आम्ही."

सरांनी तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारची खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही आधी बसा," ते म्हणाले. "उभ्या माणसाला मी हो म्हणत नाही."

ती बसली.

व्हरांड्यात कोशीनं बाहीनं डोळे पुसले. शेबानं त्याचा हात धरला, आणि तिन्ही चर्चची माणसं बघत होती तरी सोडला नाही.