दुसरं उंचीमापक

माझ्या मुलीच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला अकरा वर्षं झाली.

जिना चढताना धापा टाकणाऱ्या मुलांची एक संस्था होती. तिला श्वासाची यंत्रं हवी होती. त्यासाठी देणग्या गोळा करायला मुलगी एका उंच शिखरावर निघाली. पत्र तळछावणीतून आलं होतं, सोळा हजार चारशे फुटांवरून.

‘बाबा, पाय भोपळ्यासारखे सुजलेत, नाकाची सालं निघालीयेत, एकूण रूप खुललंय. एकच विचारायचंय. श्वास घेतला की छातीत कुणीतरी कागद चुरगळल्यासारखी खरखर होते. वाटाड्या म्हणतो, तुझं तू ठरव. मुलांना शब्द दिलाय, म्हणून मला ठरवता येत नाही. तुम्ही ‘ये’ म्हणालात तर निमूट येईन. एकदा तरी स्पष्ट बोला. वीस तारखेपर्यंत थांबते.’

पत्र बारा तारखेला हातात पडलं. तिथे फोन पोचत नव्हता आणि टपालाला पाच दिवस लागत. मी जन्मभर ग्रंथपाल. वाचनालयात गेलो आणि अशी खरखर म्हणजे नेमकं काय, ते शोधत बसलो. अर्धवट माहितीवर तिला परत बोलावणारा मी कोण? रोज एक उत्तर लिहिलं, रोज चुरगळून टाकलं. सोळाला संध्याकाळी एका जाड वैद्यकीय ग्रंथात ओळ सापडली: अशा रुग्णाला ताबडतोब खाली उतरवावे. तोवर वीसपर्यंत पोचेल असं शेवटचं टपाल निघून गेलं होतं.

वीस तारखेला दुपारपर्यंत ती टपालवाल्याची वाट बघत होती, असं वाटाड्याने नंतर सांगितलं. मग वर निघाली. दोन दिवसांनी, शिखराखालच्या धुक्यात, ती त्याला दिसेनाशी झाली. सापडली नाहीच.

जाण्यापूर्वी तिने खिशात मावणारी दोन उंचीमापकं घेतली होती, हवेच्या दाबावर चालणारी. एक माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, “यावरून कळेल मी कुठे आहे ते.”

“ते जिथे असतं तिथलीच उंची दाखवतं,” मी म्हणालो.

“अहो बाबा, गंमत केली!”

अकरा वर्षं काटा माझ्या घराची उंची दाखवत होता. अठराशे फूट. या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी तो चार हजारांवर होता.

मी उंचीमापक घड्याळजीकडे नेलं. त्याच्या दुकानात काटा मुकाट्याने अठराशेवर आला.

“यंत्र ठणठणीत आहे, काका. तुमचं घरच वर चाललं असेल.”

तो हसला, म्हणून मीही हसलो.

घरी काटा सहा हजारांवर गेला. मग नऊ. चहाला रंग चढेना, तेव्हा मी पातेल्यात तापमापक धरलं. पाणी एक्क्याण्णव अंशांनाच उकळत होतं. मी ते तीनदा करून पाहिलं. माझ्या हातून चूक होणं नेहमीचंच. पण तिन्ही वेळा तीच चूक होत नाही.

अकरा तारखेला काटा सोळा हजार चारशेवर येऊन थांबला. पुढे हलेना.

चौदाला सकाळी संस्थेच्या बाई आल्या. वर्षातून एकदा येतात. दारातच त्यांनी छातीवर हात ठेवला.

“एक मजला चढले, काका, आणि आमच्या पोरांसारखी धाप! ती असती तर म्हणाली असती, बाई, वजन आवरा.” मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. “हा बिस्किटांचा पुडा असा का फुगलाय हो?”

“जुना असेल.”

त्या बसल्या.

“मीच तिला लिहिलं होतं, मुलं वाट बघतायत म्हणून. राहू दे, ये परत, असं लिहायला हवं होतं. तिने तुम्हाला काही विचारलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

टेबलावर बारीकसा आवाज झाला. काटा एक रेघ वर सरकला होता.

बाई गेल्यावर मी खिडकी उघडली. बाहेर ऊन होतं. आत माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

चौदा तारीख. पाच दिवस. पोचलं असतं.

मी कच्चा मसुदा केला नाही. कार्डावर एकच शब्द लिहिला. ‘ये.’ पाकिटावर तळछावणीचा पत्ता घातला. तो मला पाठ आहे.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी पोचलो. हात मागे आला नाही.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज मी नीट ऐकला.

मग कितीतरी दिवसांनी खोल श्वास घेतला. माझ्या छातीत, अगदी सावकाश, कुणीतरी चुरगळलेला कागद उलगडत होतं.