सातवी जोडी

नागुमो त्या दुपारी नमुन्यांच्या खोलीत गेला तो अगदी साध्या कामासाठी. शोधनिबंधातलं शेवटचं चित्र एकदा प्रत्यक्ष नमुन्याशी ताडून पाहायचं आणि संध्याकाळच्या आत निबंध धाडून द्यायचा.

समुद्री जीवांच्या त्या संशोधन केंद्रात चिटपाखरू नव्हतं. सगळे मागच्या अंगणातल्या स्मृतिशिळेसमोर जमले होते. वर्षभरात अल्कोहोलात बुडवलेल्या जीवांना शांती मिळावी म्हणून दर हिवाळ्यात तिथे भिक्षू मंत्र म्हणतो आणि चांगले शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ काळे कोट चढवून माना खाली घालतात. नागुमोला या प्रकाराची किळस येई.

"येताय ना?" होझुमीने जाताना दारातून विचारलं होतं. कवचधारी जीवांवर काम करणारी केंद्रातली दुसरी व्यक्ती ती, आणि त्याची जुनी वैरीण.

"कोळंबीच्या श्राद्धाला? मघाशी तीच तळलेली चापून खाल्लीत ना?"

"खाल्ली. म्हणून तर चाललेय." ती कोटाची बटणं लावत होती. "आणि तुमचं ते सहा जोड्यांचं नवं कुळ… पिल्लू आहे हो ते, नागुमोसान. या गटातल्या पिल्लांना पायांची शेवटची जोडी उशिरा फुटते. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपणच शिकवतो हे."

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या," तो म्हणाला.

जन्मभर त्याने हेच केलं होतं. कुणी नवी जाती जाहीर केली की ती नवी नाहीच असं दाखवून जुन्याच कुठल्यातरी जातीत गाडून टाकायची आणि वर चार ओळी टोमणे मारायचे. स्वतःच्या नावावर मात्र टिकलेलं काही नव्हतं. मार्चमध्ये निवृत्ती होती. सुरुगा उपसागराच्या तळातल्या गाळातून आलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा, आंधळा असा हा एकुलता एक जीव हीच त्याची शेवटची संधी होती. बाकी सगळ्या गटाला पायांच्या सात जोड्या, याला सहा. म्हणजे नवं कुळ, आणि कुळाच्या पुढे कायमचं नाव नागुमो.

त्याने कुपी उघडली. अल्कोहोलचा वास आलाच नाही. वास आला तो थंड, कुजक्या गाळाचा.

नमुना त्याने सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. रीतीप्रमाणे त्याने डाव्या बाजूचेच पाय कापून काचांखाली बंद केले होते, उजवी बाजू पुढच्या माणसाला पडताळण्यासाठी जशीच्या तशी ठेवली होती. आता नमुन्याशेजारी एक पारदर्शक टरफल तरंगत होतं. मागच्या अर्ध्या अंगाची कात. हे जीव कात टाकतात ती अशीच, आधी मागची, मग पुढची. पण जिवंत असताना.

मागच्या अंगाला डावे पाय परत आले होते. आणि त्यांच्याही मागे, कोवळी, किंचित वाकलेली, सातवी जोडी होती.

'होझुमीने नमुना बदलला,' हाच त्याचा पहिला विचार होता. पण डोक्यावर त्याच्याच सुईने पडलेला ओरखडा दिसत होता. बाहेर घंटेचा टोल पडला. त्याच्या डोळ्यांदेखत ओरखड्यापासून कातडं उकललं आणि अस्तनीतून हात काढावा तशी एक मिशी हळूहळू बाहेर आली…

"थांब…" तो पुटपुटला. मेलेल्या किड्याशी आपण बोललो याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला.

मग त्याने या धंद्यात कुणी करत नाही ते केलं. दोन्ही बाजू कापल्या. सातवी जोडी मोरीत सोडून नळ उघडला. उरलेला प्रत्येक पाय, जबडा, मिशी, शरीराचा खंड वेगवेगळ्या काचेखाली चिकटवून टाकला. काम सफाईदार झालं. निबंध धाडून दिला आणि तो खुर्चीत टेकून बसला.

होझुमी कोटावर उदबत्तीचा वास घेऊन आत आली. तबकातल्या काचा पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"दोन्ही बाजू कापल्यात? तुम्ही?"

"काचा आहेत समोर. मोजा. सहाच जोड्या भरतील."

ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. एक काच पाहिली. दुसरी पाहिली. तिसऱ्या काचेला तिने डोळा बराच वेळ लावून ठेवला, मग उरलेल्या भराभर पाहिल्या. नागुमोने उत्तरं तयार ठेवली होती.

"हे पाय नाहीत…" ती हळू आवाजात म्हणाली. "प्रत्येक काचेखाली एकेक अख्खा जीव आहे. पूर्ण वाढलेला. सात जोड्या, सगळ्यांना."

संपलं. कुळ गेलं, नाव गेलं. आता ती हसेल, चार माणसांना बोलावेल, जन्मभर गाडलेल्यांच्या रांगेत आपल्यालाही उभं करेल. तो त्या हसण्याची वाट पाहत राहिला. ती हसली नाही.

"सगळ्यांची डोकी तुमच्याकडे आहेत," ती म्हणाली.

"तुम्हीच काचा तशा ठेवल्यात. तबक फिरवा उलटं."

तिने तबक फिरवलं. पुन्हा लेन्सला डोळा लावला. एक काच, मग दुसरी. "अजूनही तुमच्याकडेच," ती पुटपुटली, मग उठली आणि आपली खुर्ची त्याच्यापासून लांब, भिंतीपर्यंत ओढून नेली.