दोन माणसांची गाडी

चौतीस सालच्या फाल्गुनात, सकाळचं ऊन नुकतंच ओट्यावर आलेलं असताना पोलादपुरात मुरारीच्या अंगणात एक मोटार येऊन थांबली. हिरवी, बसकी, शर्यतीत पळवतात तसली, दोनच माणसं बसतील एवढी. ती चालवत होता त्याचा धाकटा भाऊ सखा. मुंबईला एका शेठची गाडी चालवायला गेलेला सखा दोन वर्षांत घरी फिरकला नव्हता. त्याची बायको आवडी थोरल्या दिरापाशी राहून शेत राखत होती. हातातलं सूप तसंच घेऊन ती दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"दादा, चेन वाजतेय," सखा म्हणाला. "शेठ महाबळेश्वरला आल्यात. सांजच्याला परत निघायचं हाय. आवडीला न्यायला आलोय."

मुरारीने भायखळ्याच्या एका मोटार कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती. बॉनेटशी कान नेताच त्याने आवाज ओळखला. टायमिंगची चेन ढिली पडून आत खळखळत होती. या गाडीत इंजिन खाली उतरवल्याशिवाय तिथवर हात पोचत नव्हता.

शेजारच्या कुशाबाला हाक मारून त्याने काम सुरू केलं. पाणी सोडायला रेडिएटरची तोटी उघडली, तर थेंबही आला नाही. घाट उतरून आलेलं इंजिन एव्हाना हात भाजेल इतकं तापायला हवं. त्याने तळवा टेकवला. लोखंड विहिरीतल्या दगडासारखं गार होतं. पाणी वाटेत कुठे गळलं असेल, वारा लागून निवलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

नळ्या सुटल्या, तारा सुटल्या. फणसाच्या फांदीला कप्पी बांधून दोघांनी दोर ओढला. इंजिन हळूहळू वर आलं, झोका खाऊन फळ्यांवर टेकलं.

त्याच वेळी ओट्यावर बसलेला सखा एका अंगाला कलला.

"काय होतंय रे?"

"काय नाय. लवकर कर."

आवडीने तांब्या त्याच्या ओठांशी धरला. पाणी हनुवटीवरून ओघळून सदऱ्यात गेलं. त्याने गिळलंच नाही.

मुरारीने इंजिनाचं पुढचं झाकण काढलं.

खालचं आणि वरचं दातेरी चाक एका तालात फिरवते ती चेन. ती नसली तर इंजिन सुरूच होत नाही. आणि ती तिथे नव्हती. तुटून तळाच्या तेलात पडली असेल म्हणून त्याने तळही उघडला. काही नव्हतं. दोन्ही चाकांच्या मधे कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं, कुठेही न फाटलेलं.

कुशाबा वाकून बघत राहिला. "मग ही घाट उतरली कशी?"

मुरारीने ओट्याकडे पाहिलं. सख्याचे डोळे उघडे होते. पापणी हलत नव्हती. कुशाबाचंही तिकडे लक्ष गेलं. त्याने पाना खाली ठेवला आणि मागे न बघता घरी निघून गेला.

आवडी इंजिनापाशी आली. "भावजी, होतं तसं बसवा."

"ही चालायची नाय, आवडी. आन् सखा..."

"त्यांच्या छातीला कान लावून बघितला मी," ती हळू बोलली. "ठाव हाय मला. तरी बसवा. ते असे पडल्याले मला बघवत नाय."

मुरारीने झाकण लावलं. लावताना जाळ्याला धक्का लागू दिला नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. दोर ओढायला आता आवडीच होती. तिच्या तळव्यांची सालं निघाली, पण तिने दोर सोडला नाही.

इंजिन जागेवर बसलं, तसा सखा उठून उभा राहिला.

ऊन कललं होतं. सखा गाडीत बसला. मुरारीने पुढून हँडल घातलं. सुरू होऊ नये, सुरू होऊ नये, असं म्हणतच त्याने ते फिरवलं.

पहिल्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं. आत चेन खळखळू लागली.

"चल गो," सखा म्हणाला.

आवडी त्याच्या शेजारी बसली. मुरारीने दार धरून ठेवलं. "उतर. अजून वेळ हाय, पोरी."

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. आवाज वळणावळणाने वर चढत गेला आणि मधेच कुठेतरी थांबला.

मुरारी धावत रस्त्यावर आला. धूळ घोटाभर होती, पिठासारखी मऊ.

टायरचे पट्टे नव्हते. सकाळी आली तेव्हाचेही नव्हते.

रस्त्याच्या मधोमध आवडीची अनवाणी पावलं उमटली होती. आधी चालणाऱ्या बाईची. मग एकापासून दुसरं चार हात लांब. पहिल्या वळणाशी दोन पावलांच्या मधे आख्खी बैलगाडी मावली असती.

त्यापुढचं पाऊल शोधत तो चढत राहिला.

ते सापडलं पार वर, दरीच्या अगदी कडेला. एकच होतं, आणि त्याची बोटं घराकडे वळलेली होती.