पाट्याखालचं पान

वसमतला हळद शिजायला लागली की गल्लीभर ओला, मातकट वास भरून राहतो. त्यामुळे लेकीच्या कपाळाशी पहिल्यांदा आंबूस वास आला, तेव्हा मी शेजारच्या कढईलाच दोष दिला.

बाळंतपण आणि प्रबंध माझ्या वाट्याला एकदमच आले. विषय, टीव्ही मालिकांमधल्या लोकदेवता. चौथं प्रकरण ज्या अद्भुत मालिकेवर होतं, तिच्यात सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहीत नाही. लिहिलेलं चाटून पुसते. पाच वेळा चाटलं की त्या लेकराला पुढे काहीच उरत नाही. ते दृश्य मी वीसदा थांबवून पाहिलं आणि मग शांतपणे लिहिलं, 'लेखणी हिरावलेल्या देवीचा हा सूड.'

पाचवीला सासूबाईंनी पाटा-वरवंटा पुजला.

"सटवाईला लिवायला कोरा कागद दे माय."

घरात कोरा कागद नव्हता. प्रबंधाचं तेच पान दिलं, मागून कोरं.

"एका अंगानं लिवलेलं हाय की ह्ये!"

"देवी उलटून थोडीच वाचते, आत्याबाई?"

सासूबाईही हसल्या. कोरी बाजू वर करून मीच ते पाट्याखाली सारलं. बारशापर्यंत ते तिथंच राहणार होतं.

सहाव्या दिवशी दुपारी लेकीचं कपाळ ओलं दिसलं. घाम नव्हता. बोटाला तार सुटली.

"तुमी मुका घेतला का हिचा, आत्याबाई?"

"तोंडात तंबाखू हाय माझ्या. काहून घेऊ?"

कोमट पाण्यानं धुतलं. सातव्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी दाराला कडी लावली, तरी पुन्हा. तिला जवळ घेताना मला शिसारी आली. पोटच्या पोरीची!

नवव्या दिवशी पाळण्याशीच बसून राहिले.

"झोपेत हसून राहिली ही," मी म्हणाले.

"सटवाई हसवती," सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत म्हणाल्या.

कपाळाची कातडी भुवईपासून वर दबत गेली. सावकाश. जावळ भिजून मागे चिकटलं.

ही चौथी वेळ.

मी पाटा उचलला. पान ओलं होतं.

छापील बाजू वर होती.

पेन घेतलं. वाक्य प्रबंधातल्यासारखंच उतरलं. 'शेवटी देवी बाळाला सोडते. पाचव्यांदा ती आईचं कपाळ चाटते.'

मालिकेत असं काही नाही.

दहाव्या दिवशी लेकीचं कपाळ कोरडं. अकराव्या दिवशीही. दहादा हात लावून पाहिला.

आज बारसं. नाव ठेवलं राधिका. सासूबाई मला कुंकू लावायला वाकल्या आणि थबकल्या. पदरानं पुसून पुन्हा लावलं.

"कपाळाला काय चोपडलंस माय? कुंकूच ठरंना."