नदीपलीकडचा लोहार

तराफ्याचा बेत टॅम्सिनने न्याहारीलाच पक्का केला होता. रिकामी पिंपं तिच्या मित्राने, नदीमने आणायची, दोर तिच्या धाकट्या भावाने, कॉलने. आणि कप्तान अर्थातच ती! पण आजोबांच्या भट्टीवर दोर आणायला गेलेला कॉल हात हलवत परत आला. भट्टी थंड होती आणि दारावरची 'गारसाइड, लोहार' ही पाटी काढून आजोबांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

कारण शाळेच्या सभागृहात सापडलं. शनिवारी ब्रॅक्सबी गावच्या इतिहासाचं प्रदर्शन उघडणार होतं. निवृत्त मुख्याध्यापक पोलार्ड सरांनी फलक आधीच टांगले होते. एकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जेबेझ गारसाइड, लोहार. १८५२ साली बायको आणि तान्हं मूल टाकून पळून गेला.'

जेबेझ म्हणजे आजोबांचे खापरपणजोबा. टॅम्सिनची कानशिलं तापली. हे कशावरून, असं तिने सरांना विचारलं. सर शिडीवरूनच म्हणाले की, चर्चच्या जुन्या वह्यांत जेबेझचा बाप्तिस्मा आहे, लग्न आहे, मुलाचा जन्म आहे, फक्त दफन नाही.

"मेला असता तर नोंद असती. नाही, म्हणजे पळाला. सोपं आहे, बाळ."

"सर, माझे आजोबाही त्या वह्यांत नाहीत," नदीम म्हणाला. "पण ते पळाले नाहीत. त्यांना ब्रॅडफर्डला पुरलंय."

सरांनी तिघांना खेळायला पिटाळलं.

तराफा त्यांनी सुतळीनेच बांधला, पण मन कोणाचंच लागेना. आजोबा दुपारी जेवलेसुद्धा नाहीत, असं कॉलने सांगितलं. तेवढ्यात सुतळी तुटली, तराफा सुटला आणि वळणावर भिरभिरत जाऊन पलीकडच्या काठाला लागला. पाठोपाठ त्यातून निसटलेली दोन्ही पिंपंही तिथेच गेली.

"कप्तान, जहाज परदेशात गेलं," नदीम म्हणाला.

टॅम्सिन हसली नाही. नदीपलीकडे हॉलमीर. तिथलं चर्च वेगळं, वह्या वेगळ्या. आणि जेबेझच्या शेजारच्याच फलकावर काय होतं? '१८५२चा महापूर. जुना पूल वाहून गेला.' सरांनी दोन्ही फलक स्वतः लिहिले होते, पण एकत्र कधी वाचले नव्हते!

तिघांनी सायकली काढल्या. हॉलमीरच्या चर्चची देखभाल करणाऱ्या हार्टलीबाईंनी आधी हात धुवायला लावले, मग जुन्या दफननोंदींच्या छायाप्रती पुढे ठेवल्या. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली असावी. महापुराच्या पानावर पोचल्यावर कॉलने एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचलेचना.

लगेच घरी धावायचं होतं, पण टॅम्सिनने सगळ्यांना अडवलं. मुलांचं म्हणणं सर मानणार नाहीत. त्यांनी मानावं असं एकच माणूस गावात होतं, ते म्हणजे स्वतः सर! म्हणून दुसऱ्या दिवशी ती अगदी गरीब चेहरा करून त्यांच्याकडे गेली. एक जुनं अक्षर आम्हाला काही केल्या लागत नाही, तुमच्याशिवाय ते कोण वाचणार, म्हणाली. सर खूश होऊन टोपी घालून निघाले.

हार्टलीबाईंच्या टेबलापाशी त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचू लागले. "अनोळखी पुरुष, वय सुमारे तीस. कातड्याचा एप्रन. चाकूवर जे. जी. ही अक्षरं." त्यांचा आवाज खाली आला. "पूल कोसळताना गाडीत अडकलेलं मूल त्याने काठावरच्या लोकांकडे फेकलं, आणि स्वतः वाहून गेला. देव त्याचं नाव जाणतो."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो पुसतच राहिले. नवा पूल व्हायला दोन वर्षं लागली होती, ते हळूच म्हणाले. तोवर ब्रॅक्सबीत 'पळाला' हेच पक्कं झालं असणार.

"आणि मी तेच रंगवून टांगलं," ते म्हणाले. "चला. आधी तुमच्या आजोबांकडे."

आजोबांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग ऐरणीवर बसले आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की कॉलला वाटलं, भाताच चालू झाला. "आमच्या घरात हे नाव कोणी मोठ्याने घेत नसे," ते म्हणाले. "माझे वडील ते न घेताच गेले."

शनिवारी नवा फलक सरांनी स्वतः लिहून टांगला, आणि गावासमोर म्हणाले की इतिहास शोधणं मी या तीन पोरांकडून शिकलो. टाळ्या संपेपर्यंत आजोबा थांबले नाहीत. नदीमला, कॉलला आणि टॅम्सिनला घेऊन ते पूल ओलांडून हॉलमीरच्या दफनभूमीत गेले. नेमकी जागा कोणालाच माहीत नव्हती. ते गवताच्या कडेला उभे राहिले, टोपी काढली, आणि दूरवर कोणाला हाक मारावी तसे मोठ्याने म्हणाले,

"जेबेझ गारसाइड!"